कौंटी कमिशनर निवडायची पद्धत बदलली, मग माझी दोन मतं गेली का?

पास्कोकर

नमस्कार मंडळी. मी वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागात राहतो, पास्को, फ्रँकलिन कौंटी (कौंटी म्हणजे आपला जिल्हा समजा). नोकरी नदीपलीकडे रिचलंडला. सिअ‍ॅटलवाल्यांना आमचा भाग म्हणजे डोंगर ओलांडल्यावरचं वाळवंट एवढंच माहीत असतं, असो. सिटिझनशिप झाल्यापासून अध्यक्षाच्या निवडणुकीत मत दिलं पण खालच्या ओळी, म्हणजे कौंटी, पोर्ट, शाळा वगैरे, खरं सांगायचं तर अंदाजपंचे भरायचो. यंदा ठरवलं की समजून घेऊन भरायचं.

तर झालं असं की शेजारी एक म्हातारे आजोबा आहेत, आयुष्यभर बटाटा आणि कांदा पिकवला, अजून ट्रॅक्टर चालवतात. कुंपणापाशी गप्पा निघाल्या आणि ते एकदम भडकले. म्हणे पूर्वी नोव्हेंबरात आम्ही कौंटीतल्या तिन्ही कमिशनरांना मत द्यायचो, ज्याची पाळी असेल त्याला, मग तो कुठल्याही डिस्ट्रिक्टचा असो (डिस्ट्रिक्ट म्हणजे कौंटीचे तीन भाग, प्रत्येकाचा एक कमिशनर). आता फक्त आपल्या डिस्ट्रिक्टचा एकच. पण बाकीचे दोघं माझा प्रॉपर्टी टॅक्स ठरवणारच ना, मग माझी दोन मतं कुठं गेली?

मला उत्तर देता येईना. ऐकायला बरोबरच वाटतं हो. इथं कोणी जाणकार आहे का? कोर्टाची काहीतरी भानगड झाली होती एवढंच कानावर आहे.

नाना_कोथरूड

कमिशनर म्हणजे आमच्या पालिकेत बसतात तसले का? त्यांची निवडणूक कशी काय होते?

पास्कोकर

नाही नाना, आपल्याकडे आयुक्त सरकार नेमतं, इथले लोकांनी निवडून दिलेले. तिघंच असतात आणि तिघं मिळून कौंटी चालवतात. बजेट, कौंटीचे रस्ते, तुरुंगाचा खर्च, शहराबाहेरच्या जमिनीचं झोनिंग, सगळं यांच्याकडे. जिल्हा परिषद समजा पण तीन माणसांची. आमच्याकडचा एक कमिशनर तर पूर्वी एनएफएलमधे खेळलेला, सुपर बोल जिंकलेला, नंतर शेती करायला गावी परत आलेला.

सायली_के

मी ऑलिंपियाला, म्हणजे राज्याच्या राजधानीत असते, हे प्रकरण बऱ्यापैकी फॉलो केलं होतं. लांब लिहिते, चहा घेऊन बसा.

वॉशिंग्टनमधे ३९ कौंट्या. त्यातल्या ७ कौंट्यांनी स्वतःची सनद, म्हणजे चार्टर, केलेली आहे (किंग, पिअर्स, स्नोहोमिश वगैरे), त्यांचे नियम त्यांचे. बाकीच्या राज्याच्या कायद्याने चालतात आणि तिथली जुनी पद्धत फार मजेशीर होती. ऑगस्टमधल्या प्रायमरीत, म्हणजे पहिल्या फेरीत, फक्त त्या डिस्ट्रिक्टचे मतदार मत देणार, त्यातून पहिले दोन पुढे जाणार, पक्ष कुठलाही असो. आणि नोव्हेंबरात त्या दोघांतून एक निवडणार कोण, तर अख्खी कौंटी!

आता याचा परिणाम बघा. समजा पूर्व पास्कोत, जिथं मेक्सिकन वस्ती जास्त आहे, तिथल्या लोकांनी ऑगस्टमधे एका बाईंना पहिल्या नंबरने निवडलं. नोव्हेंबरात उरलेल्या दोन डिस्ट्रिक्टांनी दुसऱ्या नंबरवाल्याला मत दिलं की बाई घरी. म्हणजे तुमच्या भागाचा प्रतिनिधी कोण हे ठरवणारे बहुतांश लोक तुमच्या भागातले नाहीतच. आजोबांची दोन मतं गेली हे खरं आहे, पण ती दोन मतं दुसऱ्यांच्या घरात जाऊन दिलेली होती असं माझं म्हणणं.

फ्रँकलिन कौंटीत निम्म्याहून जास्त लोकसंख्या लॅटिनो, म्हणजे मेक्सिको वगैरेकडून आलेल्या घरांतली. २०२१ मधे लूलॅक ही जुनी लॅटिनो संघटना आणि काही मतदार कोर्टात गेले, २०१८ च्या वॉशिंग्टन व्होटिंग राइट्स अ‍ॅक्टखाली, म्हणजे राज्याच्या मतदान हक्क कायद्याखाली. २०२२ मधे कौंटीने तडजोड केली, डिस्ट्रिक्टच्या रेषा नव्याने आखल्या आणि २०२४ पासून ऑगस्ट नोव्हेंबर दोन्हीकडे फक्त डिस्ट्रिक्टचे मतदार. पण त्यात एक ट्विस्ट आला. एक मतदार, तो स्वतः लॅटिनो, म्हणाला की हा कायदाच वंशावर भेदभाव करणारा आहे, रद्द करा. केस राज्याच्या सुप्रीम कोर्टात गेली, जून २०२३ मधे कोर्टाने कायदा वैध ठरवला.

मंदार७७

ताई माहिती छान पण एकच बाजू मांडलीत. निम्मी लोकसंख्या आहे तर मग निवडून का येत नव्हते? मत द्यायला कोणी अडवलं होतं का? बॅलट, म्हणजे मतपत्रिका, पोस्टाने घरी येतं, पाकिटाला स्टँपसुद्धा लावायला लागत नाही. मत न देणाऱ्यांसाठी नियम बदलायचे आणि देणाऱ्यांचा हक्क कमी करायचा हे काय लॉजिक आहे.

सायली_के

लोकसंख्या निम्मी, मतदार निम्मे नाहीत. त्यात लहान मुलं खूप, आणि सिटिझन नसलेले खूप. पास्कोकर इतकी वर्षं ग्रीन कार्डवर होते तेव्हा त्यांनाही मत नव्हतं, पण कौंटीचा टॅक्स मात्र भरत होते की. मतदारयादीत प्रमाण बरंच खाली येतं, आणि मग अख्ख्या कौंटीत मतदान घेतलं की अल्पमत कायम अल्पमतच राहतं, शंभर टक्के लोकांनी मत दिलं तरी. कोणी अडवायची गरजच पडत नाही.

रेडमंडवाला_बंड्या

आम्ही किंग कौंटीवाले, आमच्याकडे ९ डिस्ट्रिक्ट ९ माणसं, कधी विचारच केला नाही यावर. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अटलांटाकर_जोशी

दक्षिणेत या राव. इथं हाच खेळ शंभर वर्षं चाललेला. जॉर्जियात बर्क कौंटी आहे, ऑगस्टा शहरापासून जवळ. तिथं पाच कमिशनर, सगळे अख्ख्या कौंटीतून निवडायचे, ही पद्धत १९११ पासूनची. कौंटीत कृष्णवर्णीय लोक निम्म्याहून जास्त, तरी एकही कृष्णवर्णीय कमिशनर कधी म्हणजे कधीच निवडून आलेला नव्हता. मंदारराव, त्यांना आधी मत द्यायलाच देत नव्हते, आणि पुढे नोंदणी सुरू झाली तरी नोंदलेल्या मतदारांत ते अडतीस टक्क्यांच्या आसपास. अडतीस टक्के मतं आणि पाचातली शून्य सीट. १९८२ मधे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही पद्धत भेदभावासाठीच टिकवून ठेवलेली आहे, पाच डिस्ट्रिक्ट करा.

त्याच्या दोनच वर्षं आधी अलाबामातल्या मोबाईल शहराच्या केसमधे हेच कोर्ट म्हणालं होतं की नुसता परिणाम दाखवून भागणार नाही, मुद्दाम केलं हा हेतू सिद्ध करा. मग १९८२ मधेच काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मतदान हक्काचा केंद्रीय कायदा दुरुस्त केला की परिणाम दाखवला तरी पुरे. या एका दुरुस्तीने नंतर शेकडो गावांच्या आणि कौंट्यांच्या निवडणुका बदलल्या.

आणि आमच्याच जॉर्जियातला दुसरा नमुना म्हणजे ब्लेकली कौंटी. तिथं कमिशनर किती? एक! सगळी सत्ता एका माणसाकडे. लोक कोर्टात गेले की निदान पाच तरी करा म्हणजे आमचा एखादा येईल. १९९४ मधे सुप्रीम कोर्ट म्हणालं, मंडळ केवढं असावं याला या कायद्याखाली आव्हान देता येणार नाही. संपला विषय.

नाना_कोथरूड

वाचतोय, मजा येतेय. एवढं सगळं कोर्टात जाऊन करतात हे लोक, आमच्याकडे मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत उरकतं.

पुण्याचंच घ्या. २००२ ला तीनचा प्रभाग, म्हणजे एका प्रभागातून तीन नगरसेवक. २००७ ला एकाचा वॉर्ड. २०१२ ला दोनचा. २०१७ ला चारचा. मग महाविकास आघाडी आली तिने २०२१ ला तीनचा ठरवला, निवडणूक काही झाली नाही, सरकार पडलं, शिंदे सरकारने २०२२ ला परत चारचा केला, आणि शेवटी जानेवारी २०२६ मधे चारच्या प्रभागाने निवडणूक झाली. आणि गंमत म्हणजे मुंबईला यातलं काही नाही, तिथं २२७ वॉर्ड, एक वॉर्ड एक नगरसेवक, कोणाची हात लावायची हिंमत नाही. मुंबईच्या माणसाला एक आणि पुणेकराला चार, का, तर उत्तर नाही.

आणि चार नगरसेवक म्हणजे चौपट काम होतं असं समजू नका. आमच्या गल्लीत ड्रेनेज तुंबलं. पहिल्याला फोन केला, म्हणाला नाना तो पट्टा मी बघत नाही, अमुकला सांगा. अमुक म्हणाला बजेट तमुकच्या नावावर पडलंय. तमुकचा फोन त्याचा पुतण्या उचलतो. चौथ्या ताई लग्नाला गेलेल्या. शेवटी सोसायटीने वर्गणी काढून खासगी गाडी बोलावली. तरी उद्घाटनाच्या फ्लेक्सवर चौघांचे फोटो, ते बरोबर.

तेव्हा पास्कोकर, तुमच्या त्या आजोबांना सांगा, एकच असला तर निदान शिव्या कोणाला घालायच्या ते कळतं.

मंदार७७

नाना तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. पद्धत सत्ताधारी आपल्या सोयीने बदलतात. आमच्याच राज्यातल्या स्पोकॅन कौंटीचं काय झालं तेच बघा. तिथं २०१५ ला मतदारांना विचारलं की तीनचे पाच कमिशनर करायचे का, लोक म्हणाले नको. तीन वर्षांनी ऑलिंपियात डेमोक्रॅट बहुमताने कायदा केला की चार लाखांहून जास्त वस्तीची आणि चार्टर नसलेली कौंटी असेल तर पाच कमिशनर आणि फक्त डिस्ट्रिक्टमधूनच निवडायचे. आता अशी कौंटी राज्यात किती? मोठ्या बाकीच्या सगळ्या चार्टरवाल्या. एकटी स्पोकॅन! म्हणजे एका कौंटीला डोळ्यासमोर ठेवून कायदा. लोकांनी नाही म्हटल्यावर वरून लादायचं याला लोकशाही म्हणायचं?

सायली_के

फॅक्ट्स बरोबर आहेत, नाकारत नाही. कौंटी कोर्टातही गेली, २०२० मधे राज्याच्या सुप्रीम कोर्टाने कायदा टिकवला. पण पुढचंही सांगा ना. आधी तिन्ही कमिशनर रिपब्लिकन होते. स्पोकॅन शहर डेमोक्रॅटांकडे झुकणारं, पण कौंटीभर मतदान म्हटलं की शहराबाहेरचा मतदार ते बुडवायचा. २०२२ ला पहिल्यांदा पाच डिस्ट्रिक्टने निवडणूक झाली, तीन रिपब्लिकन दोन डेमोक्रॅट आले. बहुमत ज्यांचं होतं त्यांचंच राहिलं. फक्त दुसऱ्या बाजूचे दोघं खोलीत आले. यात कोणावर काय अन्याय झाला?

२०१५ च्या मतदानाबद्दल म्हणाल तर, ज्या बहुमताला जुन्या पद्धतीचा फायदा आहे त्यालाच विचारायचं की फायदा सोडतोस का, तो काय म्हणणार?

मंदार७७

मग या तर्काने कुठलंच मतदान घ्यायला नको, सगळं कोर्टाने ठरवावं.

विनय_बेलिंगहॅम

भांडू नका, मी दोघांचीही पंचाईत करतो. आमची व्हॉटकम कौंटी, कॅनडा बॉर्डरला. इथं चार्टर आहे, कौन्सिल आहे, पण प्रश्न सेम, डिस्ट्रिक्टपुरतं मत का कौंटीभर मत. आणि आमच्याकडे बाजू बरोब्बर उलट्या आहेत! बेलिंगहॅम शहर लिबरल आणि मोठं, कौंटीभर मतदान घेतलं की शहरच जिंकतं. लिंडनकडचे डेअरीवाले, रास्पबेरीवाले शेतकरी म्हणतात आमचा माणूस आम्हाला निवडू द्या. म्हणजे इथं डिस्ट्रिक्ट पद्धत मागणारे कॉन्झर्व्हेटिव्ह, आणि "सगळ्या कौंटीचा विचार करणारा माणूस हवा" म्हणणारे लिबरल. २०१५ ला मतदारांनी डिस्ट्रिक्ट पद्धत केली, शिवाय तीनऐवजी पाच डिस्ट्रिक्ट. त्याआधी एकदा करून परत फिरवलेली पण होती.

तेव्हा तत्त्वाच्या गप्पा मारणाऱ्याला मी एकच विचारतो, तुझा पक्ष जिथं हरतो तिथंही तुझं मत हेच आहे का? सायली, बेलिंगहॅमला तुम्ही कुठल्या बाजूला? मंदार, तुम्ही लिंडनच्या शेतकऱ्याला सांगाल का की कौंटीभर मतदानच बरोबर?

सायली_के

लिंडनच्या शेतकऱ्याच्या बाजूला. त्याला त्याचा माणूस मिळायलाच हवा, मला तो माणूस आवडो न आवडो.

मंदार७७

मला विचार करायला लागेल.

रेडमंडवाला_बंड्या

धाग्याच्या इतिहासात नोंद करा, मंदारराव विचार करतायत.

गौरी_शिकागो

मला एक कळत नाही, रेषा कोण आखतं? सगळी ग्यानबाची मेख तिथंच असणार ना. डिस्ट्रिक्ट पद्धत केली आणि रेषा सत्ताधाऱ्याने आखल्या तर काय उपयोग. एखाद्या समाजाची वस्ती तीन तुकड्यांत वाटून टाकली की झालं.

सायली_के

बरोबर, म्हणून स्पोकॅनच्या कायद्यातच तरतूद होती. रेषा आखायला वेगळी समिती, दोन्ही पक्षांचे दोन दोन आणि एक अध्यक्ष ज्याला मत नाही. म्हणजे समोरच्यातला निदान एक तरी पटवल्याशिवाय नकाशा पास होत नाही. फ्रँकलिनमधे जुन्या नकाशात पास्कोची लॅटिनो वस्ती तिन्ही डिस्ट्रिक्टमधे विभागली गेली होती हीच तर तक्रार होती.

अटलांटाकर_जोशी

रेषाच नको असतील तर तोही उपाय होऊन गेलेला आहे. अलाबामात चिल्टन कौंटी. १९८८ मधे केस मिटवताना ठरलं की सात कमिशनर, सगळी कौंटी एकच, प्रत्येक मतदाराला सात मतं, आणि ती कशीही वाटा. सात जणांना एकेक द्या नाहीतर सातच्या सात एकाच्या पारड्यात टाका. कृष्णवर्णीय लोक तिथं साधारण दहा बारा टक्के, वस्ती विखुरलेली, त्यामुळे त्यांचं बहुमत होईल असं डिस्ट्रिक्ट आखताच आलं नसतं. त्यांनी सातही मतं आपल्या एका माणसावर टाकली आणि बॉबी एजी हे तिथले पहिले कृष्णवर्णीय कमिशनर झाले. आणि बोनस म्हणजे अल्पमतातल्या पक्षालाही सीट मिळाल्या.

नाना_कोथरूड

हे भारी आहे! आमच्या चारच्या प्रभागात हे करून बघा म्हणावं. आमच्याकडे चार मतं असतात पण अ ब क ड वेगवेगळ्या लढती, अ ला एक, ब ला एक, असं बटण दाबत जायचं, चारही एकाला देता येत नाहीत. त्यामुळे होतं काय की पक्षाचं पॅनेल एकगठ्ठा निवडून येतं. एकटा अपक्ष, भले पंधरा वर्षं त्या गल्लीत काम केलेला असो, चौपट मोठ्या प्रभागात पोचणार कसा, पत्रकं छापणार कशी.

पण एक गोष्ट आपल्याकडची बरी. अ अनुसूचित जातीला, ब ओबीसीला, त्यात निम्म्या जागा बायकांना, सोडत काढून आधीच ठरलेलं असतं. तुमच्याकडे राखीव जागाच नाहीत म्हणून सगळं नकाशाच्या रेषेवर येऊन पडतं, असं माझं निरीक्षण. चूक असेल तर सांगा.

सायली_के

नाना, नेमकं तेच. इथं जागा राखीव ठेवणं घटनेत बसत नाही, म्हणून तोच प्रश्न भूगोलाच्या मार्गाने सोडवतात. आणि त्याची मर्यादाही आहे. भूगोल नुसती संधी देतो, सीट नाही. आमच्या राज्यातल्या याकिमाची दोन उदाहरणं शेजारी शेजारी आहेत. याकिमा शहराचं कौन्सिल कौंटीसारखंच, शेवटची फेरी शहरभर. एकही लॅटिनो कधी निवडून आलेला नव्हता. २०१४ मधे फेडरल कोर्टाने पद्धत मोडीत काढली, आणि २०१५ ला एका दमात तीन लॅटिना बायका आल्या. मग याकिमा कौंटीवर केस झाली, तीही २०२१ ला मिटली, डिस्ट्रिक्ट पद्धत आली, आणि २०२२ ला निकाल काय? तिन्ही कमिशनर रिपब्लिकन, आधीसारखेच. म्हणजे नियम बदलला की आपोआप चेहरे बदलतात असं नाही. उमेदवार लागतो, दारोदार फिरणारे लागतात, पैसे लागतात.

मंदार७७

मग एवढा खटाटोप कशाला केला? कौंटीने दोन्हीकडच्या वकिलांचे पैसे भरले असतील, म्हणजे आपल्याच टॅक्समधून.

विनय_बेलिंगहॅम

एक फरक पडतो मंदार, आमच्याकडे डोळ्यांनी बघितलाय. पूर्वी उमेदवार लिंडनला तोंड दाखवायला यायचा आणि मेहनत शहरात करायचा कारण मतं तिथं. आता लिंडनचा उमेदवार लिंडनच्याच जत्रेत उभा असतो, पाण्याच्या हक्कावर त्याला उत्तर द्यावंच लागतं. जिंको कोणीही. पण तोटाही आहे, अख्ख्या कौंटीचा प्रश्न असला, समजा नवीन तुरुंग बांधायचा, की प्रत्येक जण म्हणतो माझ्या डिस्ट्रिक्टमधे नको. आजोबा म्हणतायत ते हेच, फक्त वेगळ्या शब्दांत.

पास्कोकर

बापरे, दोन दिवसांनी आलो तर धागा कुठल्या कुठं. सगळ्यांचे आभार.

काल आजोबांशी परत बोललो. सायलीताईंचं दुसऱ्यांच्या घरातलं मत वगैरे सांगितलं, त्यांना काही पटलं नाही. पण विनयचं व्हॉटकमचं सांगितल्यावर मात्र थांबले. म्हणाले, शहरवाले जिथं शेतकऱ्याला बुडवतात तिथं मी पण डिस्ट्रिक्टच मागितली असती. मग लगेच म्हणाले, पण माझ्या कालव्यालगतचा रस्ता तीन डिस्ट्रिक्टमधून जातो, त्याच्यासाठी मी कोणाला धरू? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि नानांच्या ड्रेनेजवाल्या चौघांची गोष्ट सांगितली तर पोट धरून हसले, म्हणाले बघ, शेवटी सगळीकडे तेच.

माझं म्हणाल तर मी डिस्ट्रिक्टच्या बाजूने झुकलोय, पण तीन माणसं फार कमी आहेत असं मला वाटायला लागलंय. तिघांत एकाला पटवलं की बहुमत. आता कायद्याने दोन कमिशनर एकत्र भेटून काही ठरवू लागले तर ती जाहीर मीटिंग धरावी लागते, म्हणजे चहा प्यायलासुद्धा चोरी. पाच असते तर बरं झालं असतं. त्यासाठी काय करावं लागतं? सह्यांची मोहीम?

सायली_के

मोठ्या लोकसंख्येच्या कौंट्यांत याचिका काढून मतदानाला आणता येतं किंवा कमिशनर स्वतः ठराव करून मतदानाला टाकू शकतात. तुमच्यासारख्या लहान कौंटीला रस्ता म्हणजे चार्टर. त्यासाठी आधी चार्टर लिहिणाऱ्या समितीचे लोकच निवडून द्यावे लागतात, मग ते लिहितात, मग त्यावर परत मतदान. वेळखाऊ आहे आणि बरेचदा मतदार शेवटी नाही म्हणतात. आधी कमिशनरांच्या मीटिंगला जाऊन बसा, पब्लिक कॉमेंटला तीन मिनिटं मिळतात बहुतेक ठिकाणी. खुर्च्या रिकाम्याच असतात.

गौरी_शिकागो

पास्कोकर, एक अवांतर. मतपत्रिकेच्या पाकिटावरची सही लायसन्सवर केली तशीच करा. आमच्या ह्यांची सही मराठीत, गेल्या वेळी घाईत इंग्रजीत ठोकली, महिनाभराने घरी पत्र की सही जुळत नाही.

सायली_के

आमच्याकडे पत्राशिवाय फोनही करतात, आणि ठरावीक मुदतीत फॉर्म भरून दिला की मत मोजतात. मराठी सही चालते, फाइलमधल्या सहीशी जुळल्याशी मतलब. आणि मतपत्रिका टाकायचा ड्रॉपबॉक्स मतदानाच्या दिवशी रात्री ८ ला बंद होतो, पोस्टात टाकणार असाल तर त्या दिवसापर्यंतचा शिक्का हवा, तेव्हा दोन चार दिवस आधीच टाका.

नाना_कोथरूड

रात्री ८ पर्यंत?? आमच्याकडे साडेपाचला गेट बंद, आणि यादीत नाव दुसऱ्याच शाळेत.